तीन टोले

घंटा मी वाजवली होती.

एवढं चार शब्दांचं वाक्य. ते ज्या क्षणी बोलायला हवं होतं त्या क्षणी मी बोललो नाही, आणि नंतर बोलायला मला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत माझी चूक दुसऱ्या एका माणसाच्या डोक्यावर राहिली. तो मला ओळखतही नव्हता. त्याने फक्त माझ्यासाठी एक दार उघडलं होतं आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेला होता.

मी नांदुऱ्याचा. एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचं काम करतो. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढून काढायचा, बोटांनी तंतू ताणून पाहायचा आणि प्रत सांगायची. सव्वीस वर्षं हेच करतो आहे. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझा हात गप्प बसत नाही. दुकानात कापड दिसलं की चिमटीत धरतो, लग्नघरात पडद्याला हात लावून पाहतो. बायको म्हणते, "तुमचा हात आंधी जाते अन् डोकं मागून येते." ती हे हसून म्हणायची. आता म्हणत नाही.

मार्च संपत आला होता. मुलीच्या जात पडताळणीच्या कागदासाठी मी बुलढाण्याला गेलो होतो. ती तिसरी खेप होती. सकाळच्या गाडीने निघालो, मोताळ्याला चहा घेतला, राजूरचा घाट चढून साडेदहाला बुलढाण्यात उतरलो. कार्यालयातल्या बाईंनी कागद नीट पाहिले आणि म्हणाल्या, "आज होऊन जाईल काका, पण साहेब तीनला येतील. तीनला या." साडेचार तास हातात होते. बुलढाण्यात माझं ओळखीचं कोणी नाही. बाजारातून फिरलो, एका झाडाखाली बसलो, पुन्हा उठलो.

ते जुनं चर्च मी येता-जाता पुष्कळदा पाहिलं होतं. इंग्रजांच्या वेळचं, काळ्या दगडाचं, उतरत्या कौलांचं, पुढे चौकोनी बुटका मनोरा. कंपाउंडात मोठमोठे कडुनिंब. कधी आत गेलो नव्हतो. आमच्यापैकी कोणी जात नाही. मनाई आहे म्हणून नव्हे, तसं कोणाच्या मनात येत नाही, इतकंच. त्या दिवशी माझ्या मनात आलं. फाटकाची कडी काढून मी आत गेलो.

एक बारीक, उंच माणूस लिंबाचा पाला झाडत होता. साठीच्या आसपासचा. धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या.

"काय पाहाचं हाये भाऊ?"

"चर्च. आतून पाहता येईन का?"

"रविवारी या ना. रविवारी सारं उघडंच असते."

"मी नांदुऱ्याचा हावो. रविवारी कोठी येतो पुन्हा."

"नांदुऱ्याचे?" त्याने झाडू भिंतीला टेकवला. "माह्या मायचं माहेर तिकडलं. म्हंजे तुम्ही माहे मामा झाले. अन् इथं तं सारी गल्ली मलेच मामा म्हनते!" तो तोंडभर हसला. "आज मामाले मामा भेटला, बाप्पा!"

मीही हसलो. त्याने शर्टाच्या आतून एक काळा गोफ ओढून काढला. त्याला वीतभर लांबीची लोखंडी किल्ली होती. कुलपात घालण्याआधी त्याने ती शर्टाच्या बाहीला पुसली.

"मधल्या वारी कोनाले उघडून द्याचं नाई, असं सांगतलेलं हाये मले. पन तुम्ही आजोळचे. पाच मिनिटं पाहा."

आत गारवा होता. लाकडी बाकं ओळीने मांडलेली. एका फळ्यावर खडूने लिहिलेले गीतांचे आकडे. समोर साधा क्रूस, त्याच्यावरच्या खिडकीतल्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड फरशीवर पडला होता. भिंतीत पितळी पाट्या बसवलेल्या होत्या, इंग्रजीत कोरलेल्या. मी अक्षर लावत एक वाचली. कोणा साहेबाची बायको तापाने गेली होती.

"तिचं लेकरू बी तिच्यासंगंच गेलं म्हनते," मामा म्हणाला. "दर शनिवारी पितळ पुसतो मी. आता त्याइचं कोन येते एवढ्या दुरून? मीच त्याइचा."

मी त्याला किल्लीबद्दल विचारलं. एवढी जुनी किल्ली कशी टिकली, असं काहीतरी. तो सांगू लागला.

"किल्ली टिकली, पन मी नोतो टिकत. लय दारू पेत होतो भाऊ. बायको माहेरी गेली ते आलीच नाई. मंग या मंडळीनं मले इथं खोली देल्ली, झाडझूड देल्ली, अन् मंग एक दिवस ही किल्ली देल्ली. आठ वर्सं झाली, थेंब नाई घेतला." त्याने किल्ली पुन्हा शर्टाच्या आत टाकली. "हे गळ्यात असते ना, तं हात तिकडं जात नाई."

मंडळी म्हणजे त्या चर्चची माणसं. काही घरं मागच्याच गल्लीत आहेत, असं त्याने सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "ऊन लागलं तुम्हाले. थांबा, खालच्या नळावरून ताजं पानी आनतो. कशाले हात नोका लावू बरं. आलोच."

तो मागच्या दाराने गेला. मी एकटा राहिलो.

मला तेव्हा काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. कोणत्याही देवाच्या घरी मी घंटा वाजवल्याशिवाय पाया पडलेलो नाही. लहानपणी आई उचलून धरायची तेव्हापासून. घंटा वाजली की देवाला कळतं, आपण आलो. इथे मी आत आलो, पाट्या वाचल्या, गप्पा मारल्या, पण आपण आल्याचं सांगितलंच नाही, असं मला वाटू लागलं. तीन वाजता साहेब येणार होते. दोन खेपा वाया गेल्या होत्या. मुलीचा प्रवेश त्या एका कागदावर अडला होता. कोणताही देव असो, कानावर घालून ठेवावं.

मनोऱ्याच्या खाली, दाराच्या आत, छतातल्या भोकातून एक दोर खाली आला होता.

बायकोला नंतर मी सांगितलं की सवयीने हात गेला. ते खरं नाही. दोर खुंटीला गुंडाळून ठेवलेला होता. मी त्याचे तीन-चार वेढे सोडवले. सवयीने वेढे सुटत नाहीत. आणि "कशाला हात लावू नका" हे मी दोन मिनिटांपूर्वी ऐकलं होतं.

दोर हातात घेतल्यावर बोटांनी आधी त्याचा पीळ पाहिला. चांगला, जुना, सुती दोर. मग मी ओढला.

देवळातल्या घंटेचा आवाज मला माहीत आहे. तो आपल्यापुरता असतो. हा आवाज वरून आला आणि बाहेर गेला. छातीत धक्का बसला, कौलांवरची कबुतरं फडफडून उठली. मी दोर धरून तसाच उभा राहिलो. आवाज पार विरेपर्यंत हात जोडले, मुलीचं नाव घेतलं. मग दुसऱ्यांदा ओढला. पुन्हा थांबलो, पुन्हा हात जोडले. मग तिसऱ्यांदा.

तीन टोले. मध्ये सावकाश अंतर. आमच्याकडे तीनदा वाजवतात, म्हणून तीन.

मी दोर पुन्हा खुंटीला गुंडाळत होतो तेवढ्यात बाहेर पायांचा आवाज आला.

आधी एक बाई आली. हात कोपरापर्यंत पिठाचे. फाटकातूनच ओरडली, "कोन गेलं वं? कोन गेलं?" तिच्या मागून दोघी-तिघी. मग मोटरसायकलवरून दोन माणसं, मग एक म्हातारा काठी टेकत, धापा टाकत. मी दारातून बाहेर पायरीवर आलो होतो. मला काही कळेना. ती माणसं माझ्याकडे पाहतच नव्हती. एकमेकांना विचारत होती.

"सिस्टरबाई गेल्या का?"

"सकाळी तं पेज घेतली त्याइनं."

"मंग टोले कोनाचे?"

आणि मग त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं. रविवारी ही घंटा भरभर, न थांबता वाजते. एक-एक टोला, मध्ये थांबून, हा फक्त माणूस गेल्यावर. मागच्या गल्लीत एक म्हाताऱ्या सिस्टरबाई, जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काम केलेल्या, महिनाभरापासून अंथरुणावर होत्या. आज-उद्या म्हणून सगळी गल्ली कान लावून होती. मी ऐकवलं ते नेमकं तेच.

फाटकातून एक चाळिशीची बाई धावत आली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती. हातात औषधांची पिशवी. ती त्या सिस्टरबाईंची मुलगी होती, आईची सेवा करायला अकोल्याहून येऊन राहिलेली. ती कोणाला काही न विचारता पायरीवर मटकन बसली.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "दहाच मिनिटं तं गेली होती मी औषध आनाले. आईले म्हटलं, मी येतोवर थांबजो." पिशवी तिच्या हातातून सुटली. एक बाटली घरंगळत माझ्या बुटाशी येऊन थांबली.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तेव्हाच बोलायचं होतं. बाई, तुमच्या आईला काही झालं नाही, मी अडाण्यासारखी घंटा वाजवली, एवढंच. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गल्लीतून कोणीतरी ओरडत आलं, "अवो, बाई बऱ्या हायेत! जाग्या झाल्या घंटेनं. इचारून राह्यल्या, कोन गेलं म्हनून!"

एक बाई हसली, आणि मग रडायला लागली. मुलगी उठून तशीच एका चपलेने घराकडे पळाली. मला वाटलं, आता सुटलं. पण माणसांची भीती उतरली की तिच्या जागी राग येतो, हे मला तिथे कळलं.

"मंग टोले कोनं देल्ले?"

हे विचारणारे गृहस्थ मंडळीचे पंच होते. भरदार अंगाचे, चष्म्याचे, मोटरसायकलवरून आलेले. आणि नेमका त्याच वेळी चर्चच्या कोपऱ्यावरून मामा आला. एका हातात तांब्या, त्यावर पालथा पेला. गर्दी पाहून तो जागीच थांबला.

"मामा," पंच म्हणाले, "घंटा कोनं वाजवली?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. त्याला कळलं होतं. मग त्याने मान खाली घातली.

त्याने माझं नाव का घेतलं नाही, यावर मी बारा दिवस विचार केला. मला उघडून दिलं, हीच त्याची चूक होती. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी किल्ली जाणारच होती. किंवा मी आजोळचा पाहुणा होतो म्हणूनही असेल. मी त्याला कधी विचारलं नाही.

"इकडं या," पंच म्हणाले. "तोंड इकडं करा."

"नाई घेतली, साहेब."

"मंग हुंगू द्या. भ्याचं काय कारन हाये?"

मामा पुढे आला. त्याने तोंड उघडलं. पंचांनी चष्मा वर सारून वाकून वास घेतला, शेतमालाचा घ्यावा तसा. मोटरसायकलवाला दुसरा माणूसही पुढे झाला. त्यानेही घेतला. बाया पाहत होत्या. मामाचे डोळे मिटलेले होते आणि तांब्या त्याने छातीशी धरला होता.

"वास तं नाई येत."

"गोळ्या खाते लोकं वास माराले," दुसरा म्हणाला. "पयले बी असंच करे हा."

मग पंच माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही इथंच होते ना? यानंच वाजवली ना?"

माझ्या कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध होतं. एका पोराने मोबाइल वर धरला होता. माझ्या डोक्यात एकदम काय काय आलं. परधर्माच्या देवळात शिरून याने मुद्दाम घंटा वाजवली म्हणतील. चित्र फिरेल, नांदुऱ्यापर्यंत जाईल. पोलीस बोलावतील. तीन वाजतील आणि कागद राहील. हे सगळं खरंच आलं होतं मनात, पण ते मी सबब म्हणून सांगत नाही. त्या माणसांनी मला मारलं नसतं. फार तर चार शब्द ऐकवले असते.

मी म्हणालो, "मी आत पाट्या वाचत होतो. माझं लक्ष नव्हतं."

मामाचं नाव मी घेतलं नाही. पण त्याला सोडवलंही नाही. खोटं बोलायची ही रीत किती सोयीची असते.

"किल्ली द्या मामा," पंच म्हणाले. आवाज आता खाली आला होता, आणि तो जास्त वाईट वाटला. "पाळकसाहेब आल्यावर पाहू."

मामाने गोफ डोक्यावरून काढला. तो कानात अडकला, त्याने दुसऱ्या हाताने सोडवायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या हातात तांब्या होता. शेवटी पंचांनीच तो सोडवून घेतला.

लोक पांगले. मामा माझ्याजवळ आला, पेला सरळ केला, त्यात पाणी ओतलं आणि पुढे धरला.

"पानी घ्या भाऊ."

मी ते पाणी प्यालो.

तीन वाजता माझं काम झालं. साहेबांनी सही केली, बाईंनी शिक्का मारला, म्हणाल्या, "पेढे पाठवा काका." मी कागद पिशवीत ठेवला आणि स्टँडवर आलो. घाट उतरताना माझ्या शेजारच्या माणसाने विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, ऊन लागलं.

घरी आनंद होता. मुलीने कागद दोनदा वाचला. बायकोने रव्याचा शिरा केला. बुलढाण्यात दिवसभर काय केलं, असं तिने विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. गार हवा, कडुनिंब, रंगीत काचा, पितळी पाट्या. फक्त घंटा सांगितली नाही.

पहिल्या रविवारी मी उठलो आणि बायकोला म्हणालो, मोताळ्याला एकाकडे जाऊन येतो. मनात बुलढाणाच होतं. मोताळ्याला गाडी थांबली आणि मी खाली उतरलो. चहा घेतला. वाहकाने घंटी मारली, गाडी निघाली, आणि मी चहाचा पेला धरून तिच्याकडे पाहत राहिलो. मग परतीच्या गाडीने घरी आलो. जिनिंगमध्ये त्या आठवड्यात मी दोन गाड्यांची प्रत चुकीची सांगितली. मालकाने त्या दुसऱ्याकडून पुन्हा पाहून घेतल्या.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं हनुमानाच्या दर्शनाला गेलो. दर शनिवारी जातो. दारात घंटा होती. बायकोने वाजवली, ती बाजूला झाली, आणि मी हात वर न करताच आत गेलो. तिने ते पाहिलं. बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाली, "काऊन, घंटा नाई वाजवली?"

मी तिथेच ओट्यावर बसलो आणि तिला सांगितलं. सवयीने हात गेला, असं सांगितलं, हे वर लिहिलंच आहे. बाकीचं खरं सांगितलं.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या बाप्याचं तोंड हुंगलं लोकाइनं, अन् तुम्ही वरून त्याच्याच हातचं पानी पेले?"

"हाव."

"मंग माह्यापाशी रडून काय उपेग? मी काय किल्ली देनार हावो त्याले? उद्या रविवार हाये. मोताळ्याले उतरू नका."

मोताळ्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते कसं कळलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी मोताळ्याला खिडकीची दांडी धरून बसून राहिलो. बुलढाण्याला उतरलो तेव्हा उपासनेला अजून वेळ होता. फाटकाशी गेलो. मामा पाला झाडत होता. तसाच पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या. पण तो वाकला तरी शर्टाच्या आत किल्ली लोंबताना दिसत नव्हती. दार दुसऱ्याच कोणीतरी उघडलेलं होतं.

त्याने मला ओळखलं. झाडणं थांबवलं नाही.

"मामा," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."

झाडू दोन-तीनदा फिरला. मग तो म्हणाला, "मले काऊन सांगता? मले तं मालूमच हाये. मी वाजवली नाई हे मले मालूम, अन् तुम्ही वाजवली हे बी मालूम. ज्याइनं माहं तोंड हुंगलं, त्याइले सांगा."

 तो पुढे बोलला, पाल्याकडे पाहत.

"सिस्टरबाई गेल्या गुरवारी. खऱ्याच गेल्या. पंचाइनं टोले देल्ले. अर्धी गल्ली घराबाहेर निंगालीच नाई. म्हने, मामानं घेतली असंन पुन्हा. त्याइची पोरगी एकटीच बसेल होती मायपाशी, लोकं येतोवर." त्याने झाडू उचलला. "किल्लीचं काई नाई भाऊ. पन हे लय वंगाळ झालं."

मला परत फिरावंसं वाटलं. खरंच सांगतो. फाटक मागे चार पावलांवर होतं. एका माणसाची माफी मागायची तयारी करून मी आलो होतो. ही माफी आता साऱ्या मंडळीपुढे मागायची होती, आणि ज्या बाईची आई गेली तिच्यासमोर.

घंटा वाजली. भरभर, न थांबता. कोणीतरी नवखा ओढत होता, मधेच आवाज फुटत होता. माणसं येऊ लागली. मी शेवटच्या बाकाच्या कडेला बसलो. पुढून तिसऱ्या बाकावर पांढऱ्या साडीत सिस्टरबाईंची मुलगी होती. तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती, कोणी तिथे बसलं नाही. पंच पहिल्या बाकावर. मामा दाराशी उभा राहिला, उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर.

गीतं झाली. वाचन झालं. मला एक शब्द ऐकू आला नाही. माझे तळहात घामाने ओले होते. मी ते पँटला पुसत होतो आणि ते पुन्हा ओले होत होते. मला वाटलं होतं, सगळं संपल्यावर पाळकांना, त्यांच्या धर्मगुरूंना, बाजूला गाठून सांगावं. मग तेच मंडळीला सांगतील. माझ्या मनाने अजूनही पळवाट ठेवली होती.

तेवढ्यात पाळक म्हणाले, "कोणाची साक्ष असेल तर द्यावी."

एक म्हातारी उठली. नातू आजारातून बरा झाला, देवाचे उपकार, असं सांगून बसली. मग मला कळलं, साक्ष म्हणजे काय. उभं राहायचं आणि आपल्या बाबतीत जे घडलं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

"आणखी कोणी?"

 कोणी खोकललं. पाळकांनी पुस्तकाचं पान उलटायला हात घातला.

मी उठलो. बाकाचा आवाज झाला आणि सगळी डोकी मागे वळली. पंचांनी चष्मा सारखा केला आणि मला ओळखलं. मी पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली. मी कागदावर काही लिहून नेलं नव्हतं, पण जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तेवढंच लिहून थांबतो.

"मी तुमच्या मंडळीतला नाही. मी नांदुऱ्याचा, प्रवासी. बारा दिवसांपूर्वी दुपारी ते तीन टोले मी दिले होते. मामा तेव्हा माझ्यासाठी पाणी आणायला गेले होते. कशाला हात लावू नका, असं ते सांगून गेले होते, तरी मी गुंडाळलेला दोर सोडून ओढला. तुमच्याकडे त्याचा काय अर्थ होतो, ते मला माहीत नव्हतं. पण तुम्ही मला विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी खोटं बोललो. यांनी दारू घेतली नव्हती. यांचं तोंड तुम्ही माझ्यामुळे हुंगलं. ताई, तुम्ही एका चपलेने धावत आल्या त्या माझ्यामुळे, आणि गुरुवारी तुम्ही एकट्या बसून राहिल्या त्याही माझ्यामुळे. मी तुमची माफी मागतो. आणि मामा, तुमच्या हातचं पाणी पिऊन मी गप्प निघून गेलो. मले माफ करा."